बिनकराराचा फोन

"छत्तीस महिने," दुकानातली पोरगी म्हणाली आणि काचेवर बोटाने टकटक केलं. काचेखाली तो फोन होता. काळा, गुळगुळीत, माझ्या तळहाताएवढा.

"म्हणजे तीन वर्षं," रूबेनदादांनी मला मराठीत सांगितलं, जसा काही मला भागाकार येत नव्हता. "करार केलास तर आज फोन फुकटच समज. महिन्याच्या बिलात थोडे थोडे जातील. बोलणं, इंटरनेट, सगळं त्यातच आलं. फक्त मध्येच सोडून जायचं नाही. गेलीस तर उरलेले सगळे एकदम भरायचे."

"आणि करार नको असला तर?"

"तर पूर्ण पैसे आज मोज आणि चालू लाग. सिम कुठलंही घाल. उद्या उठून विमानात बसलीस तरी तुला कुणी विचारणार नाही." ते हसले. "पण तू कशाला बसतेस विमानात?"

मीही हसले. शेगुलामावशी मात्र हसल्या नाहीत. त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. दुकानात शिरल्यापासून त्यांनी फोनकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"आज नको," त्या म्हणाल्या. "शनिवारी मलिदा आहे, तो उरकू दे. रविवारी येऊ."

"आई, नुसती सही तर करायची आहे."

"सहीच करायची आहे ना, मग ती रविवारीही होईल. चल गो चारू, मला घरी ने. इथे थंड हवा मारतायत अंगावर."

झालं. मावशींनी एकदा चल म्हटलं की दुकान काय आणि दवाखाना काय, निघायचं. मी खुर्ची वळवली. दुकानातल्या पोरीने मागून ओरडून सांगितलं की ही योजना रविवारपर्यंतच आहे.

हे सगळं दिमोनात. इस्राएलच्या दक्षिणेला वाळवंटात वसवलेलं गाव. दहा-बारा वर्षं झाली असतील आता. मी तिथे शेगुलाबाई चेऊलकरांना सांभाळायला होते. चेऊलकर म्हणजे आमच्या चौलचेच, रायगडातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू. मावशी लग्न होऊन चौलात आल्या, तिथे दोन-चार वर्षं राहिल्या आणि मग नवऱ्याबरोबर बोटीने तिकडे गेल्या, त्या गेल्याच. म्हातारपणी कंबर मोडली, मुलगा माणूस शोधायला लागला, तर यांनी हट्ट धरला की मला मराठी बोलणारी पाहिजे, आणि जमलं तर आमच्या बाजूची. एजन्सीवाल्याने शोधून शोधून मला काढलं. चारुशीला घरत, मुक्काम चौल, नर्सिंगचा लहान कोर्स, नवरा नाही, पदरात एक पोर. मावशींना लॉटरी लागली असं रूबेनदादा म्हणायचे. मला काय लागलं ते मी सांगत नव्हते. मी पूर्वाला सांगून आले होते, दोन वर्षं. सात वर्षांची होती ती. पुढचे दोन दात पडलेले, हसली की सगळं तोंड उघडं. तिला कुंदाताईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे ठेवली आणि निघाले. आता मार्चमध्ये ती दोन वर्षं भरत होती.

भरत होती, पण घराचा स्लॅब बाकी होता. पूर्वाचं पुढचं शिक्षण बाकी होतं. रूबेनदादा पगार वाढवायला तयार होते, व्हिसाचं मी बघतो म्हणत होते. आणि आता हा फोन. भाऊजींनी तिकडे तसलाच घेतला होता. त्यावर माणूस दिसतं, चारू, कुंदाताई सांगत होती, बोलताना समोर दिसतं. मी ते ऐकलं आणि मला दुसरं काही सुचेना. दोन वर्षं मी पूर्वाचा नुसता आवाज ऐकला होता. त्या पडक्या दातांच्या जागी कसले दात आले, सरळ आले की वाकडे, ते मला माहीत नव्हतं. आईला आपल्या पोरीचे दात माहीत नाहीत. ही गोष्ट मला भाजी चिरताना आठवायची, मावशींना आंघोळ घालताना आठवायची, आणि काय करू नि काय नको असं व्हायचं.

त्याच संध्याकाळी मी घरी फोन लावला. जुनाच, बटणांचा. मावशी समोर मटार सोलत होत्या. त्यांना ऐकायला आवडायचं म्हणून मी नेहमी आवाज मोठा ठेवायची.

"पूर्वा, ऐक. मी नवा फोन घेतेय. त्यावर मी तुला दिसेन."

"रोज?"

"रोज. पण त्याचं असं आहे बाळा, तो घेतला तर आईला आणखी थोडं इथे राहावं लागेल."

"किती?"

मी किती ते सांगितलं नाही. "थोडं," म्हटलं.

तिकडे मागे कुंदाताईचा कुकर वाजला. मग पूर्वा म्हणाली, "रोज दिसशील ना? मग चालेल. नाही आलीस तरी चालेल."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. दोन महिने जी भीती उरावर घेऊन फिरत होते, ती पोरीने एका वाक्यात उतरवली. फोन ठेवून मी मावशींना म्हटलं, "बघा, किती समजूतदार आहे. चालेल म्हणाली."

मावशींच्या हातात मटाराची शेंग होती, ती तशीच राहिली. "ऐकलं मी," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी पुढची शेंग उचलली नाही. मला वाटलं, मी राहणार म्हणून बाईचं मन भरून आलं. यायचंच. दिवसभर मराठी बोलायला त्यांना मीच होते. रूबेनदादांचं मराठी कामापुरतं, नातवंडांना तेवढंही नाही. मी गेले तर बाई कुणाशी भांडणार?

कारण भांडायच्या फार. मीठ जास्त, पोळी जाड, पदर नीट घे. आणि खोबऱ्यावरून तर आमचं पहिल्याच आठवड्यात वाजलं होतं. मी येताना चौलहून नारळाच्या वड्या नेल्या होत्या. आल्या दिवशीच डबा उघडला तर मावशींनी तो नाकाशी धरला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. मग एक वडी खाल्ली, अगदी कण कण करून. त्या रात्री मी पूर्वाच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडले, आणि सकाळी उठून बघते तर मावशींनी डबा शेजाऱ्यांना वाटून टाकलेला. वर मला बजावलं, "आजपासून माझ्या ताटात खोबरं नको. तुम्ही खा, मला नको."

चौलची सून आणि खोबरं नको. मला राग आला होता. आमच्याकडे कालवण म्हणजेच खोबरं. पण पोटाचं काही असेल, कोलेस्टेरॉल असेल, म्हणून मी गप्प बसले. तेव्हापासून मावशींचं कालवण वाटण घालायच्या आधीच वाटीत काढून ठेवायची. त्यांच्या नव्या वर्षाला नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तो त्यांनी खुर्चीत बसून माझ्याकडून घोटून घेतला, सगळ्यांना वाढला आणि स्वतः बोटसुद्धा चाटलं नाही.

शनिवारचा मलिदा रूबेनदादांचा होता. त्यांची मुलगी सैन्यातली मुदत पुरी करून सुखरूप घरी आली, त्याचा नवस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बेने इस्राएल लोक अडीअडचणीला एलियाहू नबीला नवस बोलतात आणि काम झालं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्ते. ताटात त्याची शीग रचायची, भोवती फळं मांडायची, प्रार्थना म्हणायच्या आणि सगळ्यांनी खायचं. गेली पन्नास वर्षं वाळवंटात राहतायत, पण पोहे चुकले नाहीत.

मी नारळ कानाशी हलवून बघत होते. तिथले नारळ म्हणजे देवाची करणी, पाचांतला एक चांगला निघायचा. मावशी खुर्चीतून लक्ष ठेवून होत्या.

"तो घे. पाणी वाजतंय त्यात."

"मावशी, तुमचाही एखादा नवस असेलच ना?" मी सहज विचारलं.

"आहे की."

"कशाचा?"

"फिटेपर्यंत सांगायचा नसतो. सांगितला की फुकट जातो."

"मी राहावी म्हणून केला असणार," मी चेष्टेत म्हटलं. "तर मग मलिद्याची तयारी करा. मी ठरवलंय. उद्या करारच करायचा. तीन वर्षं तुमच्या उरावर बसते."

मला वाटलं होतं, बाई हसेल. निदान 'बैस मेल्ये' म्हणेल. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघून खोवायला लागले. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुटल्यावर माणसं आली, दिवा लावला, प्रार्थना झाल्या. रूबेनदादांनी सगळ्यांना सांगून टाकलं की चारू राहतेय. लोकांनी माझी पाठ थोपटली. मलिदा वाटला गेला, तेव्हा मावशींनी त्यातलं एक केळं उचललं. पोह्यांना हात लावला नाही.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा दुकानात. पोरीने करार छापून तयार ठेवला होता, दोन पानं, खाली सहीची रेघ. माझ्याबरोबर जामीन म्हणून रूबेनदादांची सही लागणार होती. त्यांनी ती झोकात केली आणि पेन माझ्या हातात दिलं. समोर तो फोन चालू करून ठेवला होता. त्यात माझंच तोंड दिसत होतं, आणि मी मनात म्हणत होते, आज संध्याकाळी इथे पूर्वा असेल.

"चारू," मागून मावशी म्हणाल्या, "मला मरेपर्यंत खोबरं खाऊ देणार नाहीस का गो?"

मी वळले. मला काही कळलं नाही. वाटलं, उन्हाने बाईचं डोकं फिरलं.

"असं काय बोलता? मी कधी नाही म्हटलं? तुम्हीच तर सोडलंत."

"सोडलं ते कशाला सोडलं?" त्यांचा आवाज चढला. दुकानातली पोरगी दचकून बघायला लागली. "तू आलीस त्या रात्री रडत होतीस. भिंत पातळ आहे आमची. मी नबीला म्हटलं, ही पोर दोन वर्षांत आपल्या लेकराकडे पोचू दे. ती पोचली की मलिदा करीन, आणि तोवर खोबरं तोंडात घालणार नाही. आता सांगितला. फुकट गेला तर जाऊ दे. तू जा म्हणजे झालं."

"आई," रूबेनदादा म्हणाले, "पण तुला सोबत नको का?"

"पाहिजे तर. तुझ्यापेक्षा जास्त पाहिजे. तू गप्प बस जरा." मग त्या माझ्याशीच बोलायला लागल्या, जणू दुकानात दुसरं कुणी नव्हतंच. "माझ्या आईला मी दोन वर्षं सांगून निघाले होते. बघून येते म्हटलं. इथे आलो, घर मिळालं, हप्त्यांनी. हे म्हणाले, हप्ते फिटेपर्यंत हलायचं नाही, फिटले की जाऊ. तिकडून कुणी आलं की आईचा निरोप यायचा. तुझं बरं चाललंय ना, मग चालेल. नाही आलीस तरी चालेल. मी खुळी, मला वाटायचं आईला खरंच चालतंय."

त्यांनी पर्स घट्ट धरली होती.

"ती गेल्यावर वर्षाने माझी चुलत बहीण इकडे आली. तिने सांगितलं. मी गेले त्याच दिवशी आईने नवस बोलला होता, शेगुला परत आली की मलिदा करीन. आणि खोबरं सोडलं. दारात नारळाची वाडी, आणि बाईने अकरा वर्षं खोबरं खाल्लं नाही. कालवण काय, कढी काय, सगळं कोरडं. शेवटी जीव कासावीस झाला, तेव्हा घरातले तोंडात शहाळ्याचं पाणी घालायला गेले, तर तिने मान फिरवली. आमचे हप्ते फिटले त्याच्या आधीच आई गेली."

रूबेनदादा आईकडे बघत होते. मला वाटतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"चालेल म्हणाली ना तुझी पोर?" मावशी म्हणाल्या. "नऊ वर्षांच्या पोरीला ते म्हणायला लागलं, चारू."

माझ्या हातातलं पेन मी काचेवर ठेवलं. खरं सांगते, मला रडू आलं ते पूर्वासाठी नाही. मी दोन वर्षं या बाईचं कालवण वेगळं काढत होते आणि मनात तिला नखरेल म्हणत होते. माझ्यासाठी, कुणाच्या कोण बाईसाठी, तिने जेवणातली चव सोडली होती. आणि पुढे मी गेले की तिला 'जेवलात का' असं मराठीत विचारणारं कुणी उरणार नव्हतं, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

मी बिनकराराचा फोन घेतला. तो काळा गुळगुळीत नव्हे, माझ्या ऐपतीतला, जाडा, पडदा लहान. दुकानातली पोरगी समजावत राहिली की हे तोट्याचं आहे. रूबेनदादांनी आपली सही असलेला कागद घडी घालून खिशात टाकला आणि आईची खुर्ची त्या दिवशी त्यांनीच ढकलली. संध्याकाळी पूर्वा दिसली. तिने आधी कपाळ दाखवलं, मग छत, मग भाऊजींचा कान, आणि शेवटी कुंदाताईने फोन सरळ धरला तेव्हा हसली. पुढचे दात मोठे आले होते, एकावर एक किंचित चढलेले.

"मार्चमध्ये येतेय," मी म्हटलं. "चालेल?"

"पळेल," ती म्हणाली, आणि फोन टाकून अंगणात ओरडत गेली.

मार्चमध्ये मी चौलला आले. दुसऱ्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे, मावशींना फोन लावला. तिकडे रूबेनदादांनी फोन धरला होता. मावशींच्या पुढ्यात मलिद्याचं ताट होतं, सुनेने केलेला. मागे नवी बाई उभी होती, परमुलखातली, तिला यातलं काही कळत नव्हतं आणि ती उगाच हसत होती. मावशींनी पुटपुटत नबीचं नाव घेतलं आणि चिमूटभर तोंडात टाकला. डोळे मिटले आणि चावत राहिल्या.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"पोहे चिवट आहेत," त्या म्हणाल्या. "खोबरं बरं आहे."

मी फोन घेऊन वाडीत गेले. मला त्यांना सगळं दाखवायचं होतं. नारळी-पोफळी, पाण्याचा पाट, तळं, त्यांच्या सासरच्या घराची जागा. मी फोन फिरवत होते आणि बोलत होते. "हे बघा मावशी, दिसतंय? ही तुमची विहीर. हा रस्ता बीचकडे जातो."

"चारू, तू कुठे गेलीस?"

"ही काय इथेच आहे. वाडी दाखवतेय तुम्हाला."

"वाडी तिथेच आहे, ती कुठे जात नाही. तुझं तोंड दाखव."

मी फोन वळवला. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि मागे पूर्वा पोफळीच्या झापावर बसून कुणाला तरी स्वतःला ओढायला लावत होती.

त्याच दिवशी, फोन ठेवल्यावर, वाडीतच उभी राहून मी मनाशी एक नवस बोलले. तेव्हा कुणाला सांगितला नाही. आमच्यात मलिदा नाही, पण एलियाहू नबी तेवढ्यासाठी नाही म्हणणार नाही असं वाटलं. मावशी दर वर्षी म्हणायच्या, रूबेन तिकीट काढतोय, या हिवाळ्यात येते. मग पुन्हा कंबर मोडली. मग पुढच्या हिवाळ्यात म्हणाल्या. करोनाच्या आदल्या वर्षी रूबेनदादांचा फोन आला, आणि त्यात मावशी नव्हत्या.

पूर्वा आता अलिबागला कॉलेजात जाते. तिचे दात अजून तसेच आहेत, एकावर एक चढलेले, आणि मी ते सरळ करू दिले नाहीत. रविवारी ती सोलकढी करते. माझ्यासाठी नारळाचं दूध घालायच्या आधीच एक वाटी नुसत्या कोकमाच्या आगळाची वेगळी काढून ठेवते, आणि दर वेळी भांडते.

"आई, आता कोण यायचं राहिलंय? पी की ही दुधाची. तुझ्याकडून कुणी थोडाच करार लिहून घेतलाय."

"नाही गो, करार कसला," मी म्हणते, आणि दुधाची वाटी तिच्याकडे सरकवते.